‘पिक अप’ शिकायचंय? ‘उचलणे’पासून सुरुवात करा

इंग्रजी शिकायला बसलेल्या माणसाला लांबलचक शब्द फारसे छळत नाहीत. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ एकदा पाठ झाला की झाला, त्याचा अर्थ जागचा हलत नाही. छळतात ती चिमुकली क्रियापदं: गेट, टेक, पुट, पिक. त्यांच्या मागे अप, ऑफ, आऊट, ऑन असं काही लागलं की अर्थ कुठल्या कुठे जातो. अशा जोडीला व्याकरणात फ्रेजल व्हर्ब म्हणतात. शाळेत त्यांची यादी मिळते, ती घोकली जाते, आणि पेपर देऊन वर्गाबाहेर पडलं की डोक्यातूनही बाहेर पडते.

सोलापुरात स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला येणारी मुलं-मुली, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग सांभाळणाऱ्या ताई, हॉटेलच्या रिसेप्शनवर नव्याने लागलेले तरुण, सगळ्यांना मी एकच सांगते: यादी बाजूला ठेवा. एक जोडी घ्या आणि तिचा तळ गाठा. पहिली जोडी ‘पिक अप’ घ्या. कामाच्या ठिकाणी ती सतत कानावर पडते, आणि मराठी माणसाला ती इतरांपेक्षा सोपी जाते. का, ते दुसऱ्या पायरीत येईल.

पायरी पहिली: घरात आधीच काय आहे ते बघा

‘पिकअप’ आपल्याकडे केव्हाच मुक्कामाला आलाय. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या घेऊन येते ती पिकअप. बाईक जोर धरत नसेल तर ‘गाडीला पिकअप नाही’. गावाकडे एसटीची वाट बघत उभे राहतो ते पिकअप शेड. कुरियरवाला विचारतो, ‘मॅडम, पिकअप किती वाजता ठेवू?’

ही चारही नामं आहेत. इंग्रजीत नाम जोडून, एका शब्दात लिहितात: पिकअप. क्रियापद तोडून, दोन शब्दांत: पिक अप. कामाच्या मेलमध्ये ‘प्लीज पिकअप द पार्सल’ असं जोडून लिहिलेलं फार दिसतं. अर्थ पोहोचतो, पण लिहिणारा नवखा आहे हेही पोहोचतं. म्हणून हा फरक पहिल्याच दिवशी हाताला लावून घ्या.

पिकअप शेड मात्र मराठीतच राहू द्या. बाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्याला त्यावरून काहीच उमगणार नाही. त्याच्याशी बोलताना ‘बस स्टॉप’ म्हणा.

पायरी दुसरी: ‘उचलणे’ हाताशी धरा

ही वाक्यं वाचा. पडलेलं पाकीट उचललं. दोनदा लावला तेव्हा त्याने फोन उचलला. पोलिसांनी त्याला रात्री घरून उचलला. दवाखान्याचा सगळा खर्च मामांनी उचलला. पोरानं ह्या शिव्या कुठून उचलल्या कुणास ठाऊक. कांद्याच्या बाजाराने उचल खाल्ली.

सहाही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक अप’ चालतं. ‘शी पिक्ट अप द वॉलेट.’ ‘ही पिक्ट अप द फोन.’ ‘द पोलीस पिक्ट हिम अप.’ ‘माय अंकल पिक्ट अप द हॉस्पिटल बिल.’ ‘द बॉय पिक्ट अप बॅड लँग्वेज समव्हेअर.’ ‘अनियन प्राइसेस पिक्ट अप.’ म्हणजे पाठ करायच्या यादीतले निम्मे अर्थ तुम्ही लहानपणापासून मराठीत वापरताय. त्यांना नव्याने शिकायचं नाही, नुसती ओळख पटवून घ्यायची आहे.

एकेकाबद्दल थोडं बारीक सांगते.

फोन: आपल्याकडे ‘ही इज नॉट लिफ्टिंग द फोन’ सर्रास म्हणतात. उचलणे म्हणजे लिफ्ट, असा हिशोब त्यामागे असतो. परदेशी ग्राहकाशी बोलताना ‘लिफ्ट’ टाळा. ‘पिक अप’ किंवा ‘आन्सर’ म्हणा. इथे फोन हा शब्द नाही घातला तरी चालतो: ‘आय कॉल्ड ट्वाइस, बट ही डिडन्ट पिक अप.’

बिल: हॉटेलात चौघं जेवले आणि एकाने सगळ्यांचे पैसे दिले, तर त्याने ‘पिक्ट अप द बिल’. स्वतःच्या एकट्याच्या चहाचे दहा-पंधरा रुपये दिले तर हे म्हणत नाहीत, तिथे ‘पेड’ पुरे. दुसऱ्याचा भार घेतला तरच ‘पिक अप’. मराठीतही आपण स्वतःच्या चहाचा ‘खर्च उचलला’ असं म्हणत नाही.

बाजार: ‘पिक अप’मध्ये आधी मंदी होती, आता जीव आला, असं गृहीत असतं. दिवाळीआधी कापडाच्या दुकानात गर्दी वाढली तर ‘सेल्स आर पिकिंग अप’ अगदी चपखल. पण मे महिन्यात सोलापूरचा पारा चढला त्याला ‘पिक अप’ म्हणू नका, तिथे ‘राइज’चा भूतकाळ ‘रोज’ म्हणतात. उकाड्यानंतर संध्याकाळी वारं सुटलं तर मात्र ‘द विंड पिक्ट अप’.

आता भाषा. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सोलापूरकराच्या हातात ही फार मोठी गोष्ट आहे आणि तो ती मुलाखतीत सांगतच नाही.

आपल्या शहराच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. दाराबाहेर मराठी. शेजारी किंवा अक्कलकोटकडचे पाहुणे कन्नड बोलणारे. दुकानात गिऱ्हाईक आलं की दखनी वळणाची हिंदी. दहा वर्षांचं पोर चार भाषांमधून सहज ये-जा करतं, आणि त्यातल्या दोन भाषांचं पुस्तक त्याने कधी उघडलेलंही नसतं. ही सगळी ऐकून ऐकून, बोलून बोलून आलेली भाषा. इंग्रजीत हिला ‘पिक अप’च म्हणतात. शिकवणी नाही, व्याकरण नाही, कानावर पडली आणि जिभेवर आली.

मुलाखतीत विचारतात, ‘व्हिच लँग्वेजेस डू यू स्पीक?’ आपली मुलं ‘मराठी, हिंदी, इंग्लिश’ म्हणतात आणि गप्प बसतात. तेलुगू आणि कन्नड शाळेत नव्हती म्हणून मोजतच नाहीत. तिथे हे वाक्य म्हणा: ‘आय स्पीक तेलुगू अ‍ॅट होम, अँड आय पिक्ट अप कन्नडा फ्रॉम अवर नेबर्स.’ ज्या कंपनीचा माल हैदराबाद, हुबळीकडे जातो तिथे ह्या एका वाक्याला वजन आहे. शिवाय ‘पिक अप’ म्हटल्याने तुम्ही खोटा दावाही करत नाही. लिहिता-वाचता येते असं त्यातून कुणी समजणार नाही, पण बोलून काम निभावता येतं हे नक्की कळेल.

‘लर्न’ आणि ‘पिक अप’ यांतला फरक इथेच पक्का करा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, वैद्यकीय पथकाबरोबर १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथे काम करता करता चिनी बोलू लागले. रुग्णांशी, सहकाऱ्यांशी बोलता बोलता भाषा आली असं सांगायचं असेल तर ‘ही पिक्ट अप चायनीज फ्रॉम द पीपल अराउंड हिम’. वही घेऊन रोज अक्षरं गिरवली असं सांगायचं असेल तर ‘ही स्टडीड चायनीज’. ‘लर्न्ड’ दोन्हीकडे चालतं, पण त्यातून रस्ता कुठला ते कळत नाही.

हेच कसबाचं. वडिलांच्या शेजारी उभं राहून मागावरचं काम बघून बघून आलं, तर ‘आय पिक्ट अप द वर्क बाय वॉचिंग माय फादर’. बोलताना हे वाक्य छान वाटतं. अर्जावर, बायोडेटात मात्र ‘लर्न्ड’ किंवा ‘ट्रेन्ड’ लिहा. ‘पिक अप’ हा थोडा घरगुती शब्द आहे, आणि बायोडेटा वाचणारा माणूस अजून ओळखीचा झालेला नसतो.

पायरी तिसरी: जिथे ‘उचलणे’ पोहोचत नाही

सगळ्यात आधी माणसाला न्यायला जाणं. मुंबईहून भाऊ सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरणार, तो मेसेज टाकतो: ‘कॅन यू पिक मी अप फ्रॉम द स्टेशन?’ म्हणजे मला न्यायला येशील का. यात तीन गोष्टी असतात. समोरचा एका जागी थांबलेला, तुम्ही तिथे जाणार, आणि त्याला बरोबर घेऊन निघणार. शाळेतून मूल आणणं, शिंप्याकडून कपडे आणणं, कुरियरच्या ऑफिसातून पार्सल सोडवणं, सगळं यातच. उलट बाजूला ‘ड्रॉप ऑफ’: ‘आय ड्रॉप्ट हर ऑफ अ‍ॅट सात रस्ता.’

इथे एक सावधगिरी, विशेषतः मुलग्यांनी लक्षात ठेवायची. ‘ही पिक्ट अप अ गर्ल अ‍ॅट अ पार्टी’ याचा अर्थ अनोळखी मुलीशी सलगी करून तिला शारीरिक संबंधाच्या हेतूने पटवलं, असा होतो. सहकारी मुलीला गाडीवरून ऑफिसला आणलंत, तर जागा सांगा आणि ‘फ्रॉम’ वापरा: ‘आय पिक्ट हर अप फ्रॉम पार्क चौक.’ ‘फ्रॉम’ लावून जागा आली की दुसरा अर्थ निघत नाही.

दुसरं, जाता-जाता घेणं. ‘पिक अप सम मिल्क ऑन योर वे होम’, येताना दूध घेऊन ये. ‘आय पिक्ट अप सम शेंगा चटणी इन नवी पेठ’, नवी पेठेत गेले होते, चटणी घेतली. वाटेत, सहज, फार विचार न करता. लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर दुकानात बसलंय, दोन तास साड्या उलगडल्या जाताहेत, तिथे ‘पिक अप’ शोभत नाही. तिथे ‘बॉट’.

बाकीचे अर्थ भरभर बघू. गाडीने मोहोळ सोडलं आणि वेग घेतला: ‘द ट्रेन पिक्ट अप स्पीड आफ्टर मोहोळ.’ प्रवासात सर्दी झाली: ‘शी पिक्ट अप अ कोल्ड ऑन द ट्रेन.’ मोबाईलला रेंज येत नाही: ‘माय फोन इजन्ट पिकिंग अप अ सिग्नल.’ मुलाने पसारा केला आणि आईला आवरावा लागला: ‘शी हॅज टू पिक अप आफ्टर हिम.’ पडला आणि स्वतःच उठला: ‘ही पिक्ट हिमसेल्फ अप.’ काल जिथे थांबलो तिथून पुढे सुरू करू: ‘लेट्स पिक अप व्हेअर वी स्टॉप्ड.’

हे सगळे अर्थ विस्कळीत वाटतात, पण नीट पाहिलं तर बहुतेक दोनच गटांत बसतात. एका गटात बाहेरची गोष्ट आपल्याकडे येते: पाकीट, पार्सल, पाहुणा, भाषा, सवय, सर्दी, सिग्नल, बिल. दुसऱ्या गटात खाली बसलेली गोष्ट वर येते: बाजार, वारा, वेग, पडलेला माणूस. नवीन वाक्य भेटलं की आधी विचारा, काही आपल्याकडे आलं की काही वर आलं? दहापैकी आठ वेळा अर्थ तिथेच सापडतो. फोन आणि ‘पुढे सुरू करणे’ हे दोन वेगळे लक्षात ठेवा.

पायरी चौथी: ‘उचलणे’ फसवतं ती ठिकाणं

हा भाग वगळू नका. मराठीच्या आधाराने चालणारा माणूस नेमका इथे अडखळतो, कारण मराठी ‘उचलणे’ इंग्रजीपेक्षाही लांब जातं.

कामगाराने मालकाकडून उचल घेतली: ‘ही टुक अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स.’ बँकेतून पैसे उचलले: ‘शी विथड्र्यू मनी.’ हात उचलला म्हणजे मारलं: ‘ही हिट हिम.’ कठोर पाऊल उचललं: ‘दे टुक अ हार्ड स्टेप’ असं शब्दशः म्हणू नका, ‘दे टुक स्ट्राँग अ‍ॅक्शन’ म्हणा. मागणी उचलून धरली: ‘दे सपोर्टेड द डिमांड.’ विडा उचलला: ‘शी टुक अप द चॅलेंज.’ जबाबदारी उचलली: ‘ही टुक ऑन द रिस्पॉन्सिबिलिटी.’

ह्यांत एक धागा दिसतो का बघा. बहुतेक ठिकाणी इंग्रजीला ‘टेक’ लागतं. उचल, पाऊल, विडा, जबाबदारी, चौघांनाही ‘टुक’. म्हणून मराठी ‘उचलणे’ला ‘पिक अप’ बसत नाही असं वाटलं, तर पुढची परीक्षा ‘टेक’ची घ्या.

आणखी एक गल्लत नुसत्या ‘पिक’ची. नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणे किंवा खुडणे. सांगोल्याच्या बागेत झाडावरून डाळिंब तोडतात ते ‘पिक’. खाली पडलेलं गोळा करतात ते ‘पिक अप’. भांडण उकरून काढणे हे ‘पिक अ फाइट’, त्यात ‘अप’ नाही. तिथे ‘अप’ घातलं की वाक्य बिघडतं.

पायरी पाचवी: मधली जागा

मराठीत आपण ‘मी तुला पिकअप करतो’ म्हणतो. इथे ‘पिकअप’ ही एक घट्ट गाठ आहे, क्रियापदाचं काम ‘करतो’ करतं. ही गाठ तशीच इंग्रजीत नेली की ‘आय विल पिक अप यू’ तयार होतं. हे चुकीचं आहे. बरोबर वाक्य: ‘आय विल पिक यू अप.’

नियम एवढाच. इंग्रजीतलं ‘मी’ (म्हणजे मला), हिम, हर, इट, देम, यू, अस यांसारखं सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं, त्याला दुसरी जागा नाही. ‘पिक इट अप.’ ‘पिक देम अप.’ नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या: ‘पिक अप द बॉक्स’ किंवा ‘पिक द बॉक्स अप’. पण मागे लांबलचक वर्णन असेल तर ते मधे कोंबू नका. ‘पिक अप द चादर्स वी ऑर्डर्ड लास्ट मंथ’ हे सरळ वाचता येतं; चादरींच्या मागचं सगळं शेपूट मधे घातलं तर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा दमतो.

शब्दकोश वापरत असाल तर ऑक्सफर्डच्या शिकाऊंसाठीच्या कोशात ‘पिक’ आणि ‘अप’च्या मधे दोन टोकांचा बाण दिसेल. त्याचा अर्थ, इथे शब्द मधेही जाऊ शकतो आणि नंतरही. हा बाण ओळखायला शिकलात की ‘टर्न ऑफ’, ‘पुट ऑन’, ‘फिल इन’ अशा बाकीच्या जोड्याही तुम्हाला कुणी न शिकवता नीट मांडता येतील. ‘पिक अप ऑन’ला असा बाण नसतो. त्याचा अर्थ न बोललेलं ताडणं, सूचक गोष्ट हेरणं: ‘शी पिक्ट अप ऑन हिज मूड.’ तिन्ही शब्द एकत्र राहतात, मधे कुणाला जागा नाही.

पायरी सहावी: कानाची तयारी

पुस्तकात ओळखता येणारं ‘पिक अप’ बोलताना निसटतं, कारण बोलणारा तोडून बोलत नाही. ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ असं एका दमात येतं. भूतकाळात स्पेलिंगच्या शेवटी ‘ईडी’ असते, पण उच्चार ‘ट’चा: ‘पिक्ट’, आणि पुढच्या ‘अप’ला चिकटून ‘पिक्टप’. ‘पिकेड’ असा उच्चार कधीच करू नका. नाम असेल तेव्हा जोर ‘पिक’वर पडतो, क्रियापदात ‘अप’वर. ‘द पिकअप इज लेट’ आणि ‘प्लीज पिक इट अप’ ही दोन वाक्यं मोठ्याने एकापाठोपाठ म्हणा. सकाळी आवरताना, मागावर असताना, रिक्षात बसल्यावर, कुठेही. लाजू नका, सवय जिभेला लागायची आहे आणि ती मनातल्या मनात म्हणून लागत नाही.

पायरी सातवी: खऱ्या मेसेजवर हात चालवा

अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात बाहेरच्या ग्राहकाकडून येतो तसा एक मेसेज मी वर्गासाठी रचला आहे:

‘द ट्रक विल पिक अप द कार्टन्स अ‍ॅट फोर. इफ द ड्रायव्हर डझन्ट पिक अप, कॉल मी. ऑर्डर्स आर पिकिंग अप, सो लेट्स टॉक टुमॉरो. वी कॅन पिक अप व्हेअर वी स्टॉप्ड.’

चार ‘पिक अप’, चार अर्थ. प्रत्येकाआधी कोण आहे आणि नंतर काय आहे, एवढंच बघा. पहिल्यात पुढे कार्टन्स आहेत, म्हणजे ट्रक खोकी न्यायला येणार. दुसऱ्यात आधी ड्रायव्हर हा माणूस आहे, पुढे काहीच नाही, आणि लगेच ‘कॉल मी’ आहे, म्हणजे फोन. तिसऱ्यातही पुढे काही नाही, पण आधी ऑर्डर्स आहेत, माणूस नाही. म्हणजे मागणी वाढतेय. चौथ्यात पुढे ‘व्हेअर’ आहे, म्हणजे राहिलेलं बोलणं तिथून सुरू.

हा मेसेज वहीत उतरवून घ्या आणि कार्टन्सच्या जागी तुमच्या कामातली वस्तू घाला: चादरी, युनिफॉर्मचे गठ्ठे, औषधांची खोकी, पाहुण्यांचं सामान. चौकटीतलं वाक्य तुमच्या रोजच्या कामात बसलं की ते तुमचं होतं.

मग उत्तर लिहा. असं जमलं पाहिजे: ‘शुअर, द कार्टन्स आर रेडी. प्लीज आस्क हिम टू पिक देम अप फ्रॉम द बॅक गेट. आय विल पिक अप इफ ही कॉल्स.’ पहिल्यात ‘देम’ मधे बसलंय आणि ‘फ्रॉम’नंतर जागा आहे. दुसऱ्यात पुढे वस्तू नाही, फक्त ‘इफ ही कॉल्स’ आहे, म्हणून अर्थ फोनचा. हे उत्तर न बघता लिहिता आलं की ‘टेक ऑफ’ घ्या. त्याचे अर्थ कमी आहेत, आणि वरचीच पद्धत त्यालाही लागू पडते: आधी कोण, नंतर काय.